अंगणातली चटई

घरातला गालिचा पायांनी झिजतो. अंगणात, ओट्यावर, गच्चीत अंथरलेली चटई मात्र झिजायची वेळ येण्याआधीच जाते. तिला एक तर ऊन खातं, नाहीतर ओल. म्हणून बाहेरसाठी काही अंथरायला घ्यायचं असेल तर आधी आपल्या दारात ऊन जास्त की पाणी जास्त, हे बघावं. महाबळेश्वरला वर्षाकाठी सरासरी 5000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, सोलापुरात 1000 सुद्धा पुरा होत नाही. तिकडे अकोला-नागपूरकडे मे महिन्यात पारा 45 अंशांना टेकतो. या सगळ्या ठिकाणी एकच चटई सारखीच टिकेल, अशी आशा धरू नये.

सुती सतरंजी बाहेर कायमची ठेवू नका. सूत पाणी पितं, दमट हवेत लवकर वाळत नाही, आणि मग काळे ठिपके उमटतात ते कितीही धुवा, जात नाहीत. ताग दिसायला देखणा, पण सारखा भिजला की कुजतो. त्याची जागा घरात.

काथ्याची गोष्ट वेगळी. नारळाच्या सोडणातला हा धागा लिग्निन भरपूर असल्यामुळे चिवट असतो आणि खाऱ्या पाण्यातही लवकर कुजत नाही. म्हणून तर अरबी समुद्रावरच्या जुन्या गलबतांच्या फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या असत. आजही किनाऱ्यावर ही सोडणं खाडीच्या पाण्यात कित्येक महिने भिजत घालतात, कुजवतात आणि मग झोडपून धागा सोडवतात. इतके महिने पाण्यात काढलेल्या धाग्याला चार सरींचं काय! पडवीत, छपराखाली, दारातल्या पायरीवर काथ्यासारखं दुसरं काही नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र तो उघड्यावर रोज भिजत पडला तर त्यालाही बुरशी धरते आणि फिक्या फरशीवर तपकिरी डाग उतरतात.

उघड्या गच्चीसाठी पॉलिप्रॉपिलीन. नाव मोठं, पण वस्तू ओळखीची आहे: सिमेंटची, खताची पांढरी विणलेली गोणी याच प्लॅस्टिकची असते. हा धागा पाणी जवळजवळ शोषत नाही, चटई झटकली की पाणी गळून जातं. पण तीच गोणी दोन उन्हाळे बाहेर पडून राहू द्या आणि मग उचलून बघा. हातात तुकडे येतात, खाली पांढरा भुगा सांडतो. उन्हातल्या अतिनील किरणांनी धागा तुटत जातो. चांगल्या चटईच्या धाग्यात ही किरणं सोसण्यासाठी औषध मिसळलेलं असतं, आणि रंगही धागा ओढण्यापूर्वीच आत घातलेला असतो. दुकानदाराला नेमकं विचारा, ‘यूव्ही स्टॅबिलाइज्ड आहे का?’ आणि लेबलावर तसं लिहिलेलं दाखवायला सांगा. कडेचा एखादा सुटा धागा कापून बघता आला तर उत्तम. आतही तोच रंग दिसला पाहिजे. विदर्भ-मराठवाड्यातल्या मंडळींनी गडद रंग टाळावा. दुपारी त्यावर पाय ठेववत नाही. आणखी एक, दिवाळीत पणती थेट या चटईवर ठेवू नका. हा धागा सुमारे 160 अंशांना वितळतो. फुलबाजीची एक ठिणगीही भोक पाडायला पुरे.

वीण सपाट आणि घट्ट असावी. लव असलेल्या गालिच्यात धूळ आणि पाणी दोन्ही अडकतं. पाठीला रबर चिकटवलेलं असेल तर बाहेरसाठी घेऊच नका. रबराखालचं पाणी वाळत नाही, फरशीवर डाग पडतात. गच्चीवर तर ही ओल स्लॅबलाही बाधते. भिंतीपासून वीतभर जागा सोडून अंथरा, पाणी वाहून जायच्या जाळीवर चटई येऊ देऊ नका. घरात वयस्कर माणसं असतील तर गोंड्यांची किनार नको, पाय अडकतो. चारही कोपरे जमिनीला टेकलेले असले पाहिजेत.

निगा फार नाही. आठवड्यातून एकदा उचलून खालची जमीन झाडायची. डाग पडला तर साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश, मग कठड्यावर टाकून दोन्ही बाजूंनी वाळवायची. मृग लागण्याआधी पूर्ण वाळवून, घडी न घालता गुंडाळी करून आत ठेवली तर ती कितीतरी जास्त वर्षं साथ देते.

तेव्हा श्रोतेहो, दुकानात चटई पसंत पडली की ती उलटी करा, पाठ पाहा, कडेची शिवण ओढून बघा, ओल्या पांढऱ्या फडक्याने एक कोपरा घासा. फडक्याला रंग लागला तर ती तिथेच ठेवा आणि दुसरी दाखवायला सांगा.