भांड्यांचा साबण आणि आपले तलाव

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



भांडी घासण्याच्या साबणासारखा क्षुल्लक विषय या व्यासपीठावर कशाला, असे कित्येकांच्या मनात येईल. ज्या भगिनींचे हात नित्य त्या पाण्यात असतात, त्यांना तो क्षुल्लक वाटणार नाही.

आपल्या गोंदिया भागात पूर्वी चुलीतली राख व तणसाचा बोळा एवढ्यावर सारे भागत असे. लाकडाच्या राखेतील क्षार तेलकटपणा कापतो, तिचे कण काजळी काढतात. घरोघरी गॅस आला, डोळे धुरापासून वाचले, हे इष्टच झाले. पण राख गेली आणि वडी आली. राइस मिलमधील तुसाची राख आणावी, असे कोणी सुचवितात. ती बहुतांशी सिलिका असते. घासते चांगली, परंतु तिची धूळ छातीस अपायकारक, म्हणून ती ओलीच वापरावी.

हे पाणी नालीतून अखेर बोडीत किंवा तलावात उतरते. पूर्वजांनी बांधलेल्या या मालगुजारी तलावांवर आपले धान, मासे आणि सारस पक्षी जगतात. धुण्याच्या काही चूर्णांत फॉस्फेट असते. त्यावर शेवाळ माजते, ते कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो व मासे तडफडतात. शेतातील खतांचा यातील वाटा मोठा आहे, हे आम्ही नाकारीत नाही. मात्र खताची सवय एका हंगामात सुटणार नाही. वडी उद्याच बदलता येते.

निवडावी कशी? वेष्टनावरील लिंबाचे चित्र हा पुरावा नव्हे, आणि फेस म्हणजे स्वच्छताही नव्हे. फॉस्फेटविरहित असा स्पष्ट उल्लेख पाहावा. भारत सरकारने 1991 साली पर्यावरणस्नेही मालासाठी मातीच्या मडक्याचे चिन्ह योजिले. पण ते मिरविणारा माल बाजारात क्वचितच आढळतो. रिठ्याचे पाणी हलक्या तेलकट भांड्यांस पुरते, तुपाच्या कढईस नाही. शिवाय रिठा माशांना विषारी आहे. मासे धरण्यासाठी तो पाण्यात टाकण्याची रीत जुनी आहे. वनस्पतीचे म्हणून सारेच निरुपद्रवी, ही समजूत सोडावी. खरकटे आधी पुसून काढावे, गरम पाणी घ्यावे, साबण निम्मा लावावा आणि धुवण केळीच्या बुडाशी घालावे.

घरापेक्षा आमची चिंता पंगतीची आहे. लग्नकार्यातील शेकडो ताटे, गंज व कढया तलावाच्या काठी नेऊन घासल्या जातात. समाजाची भांडी यंदापासून तेथे नेऊ नयेत. सभागृहामागे, विहिरीपासून दूर, शोषखड्डा खणावा. त्याची जागा आजच्या सभेतच ठरवावी, आणि तेथवर पाणी वाहण्याचे काम पुरुषांनी पत्करावे, अशी आमची विनंती आहे.