चवदार तळ्याचा निकाल



महाडच्या चवदार तळ्याचे नाव निघाले की कार्यकर्त्याच्या डोळ्यांपुढे २० मार्च १९२७ हा दिवस उभा राहतो. डॉ. आंबेडकर तळ्यात उतरले, ओंजळभर पाणी प्याले आणि त्यांच्यामागून सारा समुदाय प्याला. शिबिरांतील व्याख्याने बहुधा तेथेच आटोपतात; फार तर डिसेंबरातील मनुस्मृतिदहनापर्यंत पोचतात. पण तळ्यावरचा हक्क कायम झाला तो त्या दिवशी नव्हे.

महाडचा लढा उद्भवला तोच मुळी अर्धवट राहिलेल्या कामातून. सार्वजनिक पाणवठे, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात हा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ साली संमत झाला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचा ठराव केला. दप्तरात सारे पार पडले. घागर मात्र कोणाला बुडवता आली नाही. ठराव झाला म्हणजे काम झाले, ही समजूत सुधारकांची जुनी खोड आहे. समाजवादी शाखाही तिच्यापासून मुक्त आहेत असे म्हणवत नाही!

सत्याग्रहानंतर सनातन्यांनी पंचगव्याने तळ्याचे 'शुद्धीकरण' केले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात दुसरी परिषद भरण्याच्या तोंडावर सनातन्यांनी दिवाणी दावा लावून तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. हजारो सत्याग्रही तुरुंगात जाण्यास सिद्ध असता बाबासाहेबांनी त्यांना थांबण्यास सांगितले, आणि मिरवणूक पाण्याला न शिवता तळ्याला वळसा घालून परतली.

पुढचे काम रुक्ष होते. तारखा, साक्षी, जुने कागद. तेथे घोषणा नाहीत, हारतुरे नाहीत. मोर्चाला ट्रक भरून माणसे येतात आणि त्याच प्रश्नाच्या तारखेला वकिलाशेजारी कोणी नसते, हा अनुभव असलेल्यांना या कामाचा कस उमगेल. मधल्या काळात काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला, गोलमेज परिषदा झाल्या, पुणे करार झाला. एका गावच्या तळ्याचा दावा विसरला जावा इतकी मोठी ही प्रकरणे होती. तो सोडला गेला नाही. महाडच्या न्यायालयात १९३१ मध्ये निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला, ठाण्यात १९३३ मध्ये अपील फेटाळले गेले, आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. अस्पृश्यांना पाण्यापासून दूर ठेवण्याची रूढी अनादी असल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही, असा निर्णय तेथे झाला. तारीख होती १७ मार्च १९३७. दहा वर्षांना तीन दिवस कमी.

त्याच वर्षी सप्टेंबरात बाबासाहेबांनी मुंबई विधानसभेत कोकणातील खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. ते संमत झाले नाही. जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर गेला. खोती निर्मूलनाच्या कायद्याला मात्र १९४९ साल उजाडावे लागले.