कर्करोगाची वेदना : औषधाइतकीच शिक्षणाची गरज



कर्करोगाच्या उपचारांचा विचार करताना शस्त्रक्रिया, किरणोपचार व रसायनोपचार यांकडे साहजिकच लक्ष जाते. वेदना ही मात्र या रोगाची अपरिहार्य सोबत मानण्याची प्रवृत्ती अद्याप आढळते. वस्तुतः बहुतांश रुग्णांची वेदना तोंडाने घ्यावयाच्या साध्या व स्वस्त औषधांनी आटोक्यात आणता येते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली त्यासाठी तीन पायऱ्यांची शिडी सुचविली. सौम्य वेदनेस पॅरासिटामॉलसारखी औषधे, त्यापुढे कोडीनसारखे सौम्य ओपिऑइड आणि तीव्र वेदनेस मॉर्फिन, असा तिचा क्रम आहे. संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत मात्र ही शिडी काटेकोर नियम न मानता शिकविण्याचे एक साधन मानली आहे. ज्ञान उपलब्ध असूनही रुग्ण तळमळत राहत असेल, तर त्याचे एक प्रमुख कारण वैद्यकीय व परिचर्या शिक्षणात शोधावे लागते.

कायदा आणि भीती

भारतात औषधी उपयोगासाठी अफूची कायदेशीर लागवड होते. तरीही अमली औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ लागू झाल्यावर रुग्णालयांना मॉर्फिन मिळणे दुरापास्त झाले. एका साठ्यासाठी अनेक परवाने लागत आणि हिशेबातील किरकोळ चूकही शिक्षेस पात्र ठरण्याचे भय असे. परिणामी देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर १९८५ मधील ७१६ किलोग्रॅमवरून १९९७ पर्यंत अवघ्या १८ किलोग्रॅमवर आला. डॉक्टरांच्या एका संपूर्ण पिढीने हे औषध न हाताळताच पदवी घेतली.

२०१४ च्या दुरुस्तीने ‘अत्यावश्यक अमली औषधे’ असा स्वतंत्र वर्ग निर्माण केला, तर २०१५ च्या नियमांनी मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांची पद्धती घालून दिली. अशा संस्थेत वेदनाशमनाचे प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर असणे अपेक्षित आहे. म्हणजेच प्रशिक्षण ही आता केवळ शैक्षणिक बाब राहिलेली नाही. प्रशिक्षित डॉक्टर नसेल, तर कायद्याने दिलेली सवलत त्या रुग्णालयातील रुग्णापर्यंत पोहोचत नाही.

व्याख्यानाकडून रुग्णशय्येकडे

या विषयाचे एखादे व्याख्यान ऐकून विद्यार्थी शिडीच्या तीन पायऱ्या पाठ करतो. पण रुग्णासमोर पहिली मात्रा लिहिताना त्याचा हात अडखळतो. म्हणून उदाहरणावर आधारित अध्यापन उपयुक्त ठरते. समजा, एका रुग्णास दर चार तासांनी ५ मिलिग्रॅम, म्हणजे दिवसास ३० मिलिग्रॅम मॉर्फिन दिले जाते. मध्येच वेदना उसळल्याने त्यास ५ मिलिग्रॅमच्या तीन जादा मात्रा घ्याव्या लागल्या. दिवसाची एकूण गरज ४५ मिलिग्रॅम झाली; तेव्हा दुसऱ्या दिवशी दर चार तासांची मात्रा ७.५ मिलिग्रॅम करण्याचा विचार होतो. सोबत रेचक दिले आहे काय, गुंगी वाढते आहे काय, मूत्रपिंडांचे कार्य कसे आहे, हे प्रश्न विद्यार्थ्याने स्वतः उपस्थित करावेत, अशी अपेक्षा असते. असे गणित स्वतः सोडविणाऱ्या विद्यार्थ्याची मॉर्फिनविषयीची अनाठायी भीती कमी होते आणि आवश्यक सावधगिरी कायम राहते.

दुसरी पायरी रुग्णाचे शब्द ऐकण्याची. शून्य ते दहा या मापपट्टीवर वेदनेची तीव्रता कळते, परंतु तिचे स्वरूप रुग्णाच्या भाषेत दडलेले असते. ‘आग होते’, ‘मुंग्या येतात’, ‘विजेसारखी चमक मारते’ या शब्दांमागे मज्जातंतूंची वेदना असू शकते. तेथे ॲमिट्रिप्टिलीन किंवा गॅबापेंटिनची जोड विचारात घ्यावी लागते. पोटात राहून राहून कळ येणे हे आतड्यातील अडथळ्याचे लक्षण असू शकते. हालचाल करताच हाड ठणकत असेल, तर किरणोपचाराने आराम पडण्याची शक्यता असते. ही शब्दसंपदा पाठ्यपुस्तकात क्वचितच आढळते. म्हैसूरच्या बोगादीसारख्या उपनगरात रुग्णाच्या घरी जाणाऱ्या मराठी विद्यार्थ्यास कन्नडमधील ‘नोवु’ म्हणजे वेदना आणि ‘उरि’ म्हणजे जळजळ हे शब्द ठाऊक नसतील, तर त्याची तपासणी अपुरीच राहील.

तिसरी पायरी संयुक्त अध्यापनाची. मात्रा डॉक्टर लिहितो, पण रात्री दोन वाजता रुग्णाची तळमळ पाहते ती परिचारिका. तिची नोंद सकाळच्या फेरीत विचारात घेतली गेली नाही, तर उपचार अपुराच राहतो. म्हणून दोन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांनी एकाच रुग्णाची वेदना स्वतंत्रपणे मोजून नोंदी पडताळून पाहणे, हा एक साधा व बिनखर्ची पाठ होय. आधुनिक हॉस्पिस चळवळीच्या प्रणेत्या सिसिली सॉन्डर्स प्रथम परिचारिका, नंतर रुग्णालयीन समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झाल्या. वेदना शारीरिक, मानसिक, सामाजिक व आध्यात्मिक अशा चारही अंगांची असते, हा ‘समग्र वेदने’चा त्यांचा विचार या तिन्ही भूमिकांच्या अनुभवातून आला.

महाराष्ट्रातील आधार

महाराष्ट्रात या शिक्षणाला पोषक परंपरा आहे. देशातील पहिले हॉस्पिस, शांती अवेदना, १९८६ साली मुंबईत वांद्रे येथे डॉ. लुईस डिसोझा यांच्या पुढाकाराने सुरू झाले. पुण्यात वारजे येथे सिप्ला प्रतिष्ठानचे केंद्र १९९७ पासून कार्यरत आहे. टाटा स्मारक रुग्णालयात २०१२ साली उपशामक वैद्यकशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. तथापि मूठभर तज्ज्ञांवर हा भार टाकता येणार नाही. तालुक्याच्या रुग्णालयात रुग्णाची गाठ पडते ती पदवीधर डॉक्टरशी आणि परिचारिकेशी. त्या दृष्टीने २०१९ पासून लागू झालेला क्षमताधिष्ठित एमबीबीएस अभ्यासक्रम आणि भारतीय परिचर्या परिषदेचा २०२१ चा सुधारित पदवी अभ्यासक्रम महत्त्वाचे आहेत. पहिल्यात उपशामक शुश्रूषेतील वेदनाव्यवस्थापनाचा समावेश आहे, तर दुसऱ्यात उपशामक शुश्रूषेचा घटक आहे.

आता प्रश्न मूल्यमापनाचा उरतो. परीक्षेत जे विचारले जाते तेच विद्यार्थी मनापासून शिकतात, हा सर्वत्र येणारा अनुभव आहे. रुग्णाला वेदनेविषयी नेमके प्रश्न विचारणे, मात्रा ठरविणे, रेचक लिहिणे, नातेवाइकांच्या मनातील व्यसनाची भीती सोप्या शब्दांत दूर करणे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चौकशी करणे, ही कौशल्ये प्रात्यक्षिक परीक्षेत गुणांसह तपासली गेली पाहिजेत. तसे झाल्यास प्रत्येक महाविद्यालयातून बाहेर पडणारा डॉक्टर व परिचारिका ही कौशल्ये सोबत घेऊन जातील आणि कर्करोगाने पीडित रुग्णास वेदनाशमनासाठी दूरच्या महानगराची वाट धरावी लागणार नाही.