गर्भाशय, वेदना आणि स्त्रीचा निर्णय



मराठवाड्याच्या ग्रामीण भागात "पिशवीचे ऑपरेशन" हा शब्दप्रयोग आज घरोघरी परिचित झाला आहे. जालना जिल्ह्यातील मंठा, घनसावंगी, अंबड या तालुक्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. हाती कोयता, डोक्यावर मोळी आणि मुकादमाकडून घेतलेली उचल अशा स्थितीत एक दिवसाचा खाडाही परवडत नाही. मग ओटीपोटातील दुखणे हा आजार न राहता मजुरीतील अडथळा ठरतो आणि गर्भाशय काढून टाकणे हा त्यावरील सोपा उपाय वाटू लागतो.

शेजारच्या बीड जिल्ह्यात या प्रश्नाचे गांभीर्य २०१९ मध्ये उघड झाले. राज्य शासनाने नेमलेल्या समितीसमोर ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीची आकडेवारी आली. त्यांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढण्यात आल्याचे आढळले. म्हणजे दर सहा स्त्रियांमागे सुमारे एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ या वयोगटात हे प्रमाण सुमारे तीन टक्के होते. दोन्ही पाहण्यांची पद्धत वेगळी असली, तरी हे अंतर दुर्लक्षिण्याजोगे नाही.

दुखणे कोठले?

गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया मुळात वाईट नव्हे. कर्करोग, उपायांना न जुमानणारा अतिरक्तस्राव, मोठ्या गाठी, अंग बाहेर येणे अशा प्रसंगी ती स्त्रीचे प्राण वाचविते किंवा तिचे जीवन सुसह्य करते. परंतु पांढरे पाणी जाणे हे बहुधा जंतुसंसर्गाचे लक्षण असते व ते औषधाने बरे होते. अतिरक्तस्रावावरही गोळ्या आणि संप्रेरकयुक्त तांबीसारखे साधन यांचा उपयोग होतो. प्रत्येक गाठ म्हणजे कर्करोग नव्हे. म्हणून पहिला प्रश्न हाच असावयास हवा की, दुखते ते गर्भाशयच आहे काय?

या प्रश्नाचे महत्त्व मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारात विशेष जाणवते. वायरीवरील आवरण झिजले की वीज नीट वाहत नाही, तद्वत या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू व मज्जारज्जूतील तंतूंच्या आवरणावर हल्ला करते. १८६८ मध्ये शार्को या फ्रेंच वैद्याने त्याचे सविस्तर वर्णन केले. हा आजार पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक, तोही बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान प्रकट होतो. दृष्टी अंधुक होणे, पाय जड पडणे, मुंग्या येणे, कमालीचा थकवा ही त्याची लक्षणे होत. लघवी तुंबणे वा आवरता न येणे, बद्धकोष्ठता, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आखडणे आणि मज्जातंतूंची जळजळ हीदेखील त्याचीच रूपे असू शकतात.

अशा स्त्रीच्या ओटीपोटात दुखू लागले, तर ते मूत्राशयाचे, आतड्याचे, स्नायूंचे, मज्जातंतूंचे किंवा गर्भाशयाचे असू शकते. कित्येकदा दोन कारणे एकत्र नांदतात. कारण मज्जातंतूंत असेल, तर पिशवी गेली तरी दुखणे मागे राहते. यास्तव दोन-तीन महिने साधी नोंद ठेवणे हितावह ठरते: दुखणे पाळीशी निगडित आहे काय, लघवी वा शौचाच्या वेळी वाढते काय, बसल्याने वाढते काय? डॉक्टरांच्या सल्ल्याने काही महिने औषधाने पाळी थांबवून पाहता येते. त्याने वेदना ओसरली, तर कारण गर्भाशयाशी निगडित असण्याची शक्यता वाढते. न ओसरली, तर शस्त्रक्रियेपूर्वी पुन्हा विचार करावा लागतो.

शस्त्रक्रिया ठरलीच तर

याचा अर्थ अशा स्त्रीस शस्त्रक्रिया नाकारावी असा नव्हे. हातापायांतील बळ कमी झालेल्या स्त्रीला जड पाळी सांभाळणेही कठीण जाते आणि रक्तक्षयामुळे थकवा दुणावतो. सर्व उपाय थकल्यावर तिने विचारपूर्वक शस्त्रक्रिया निवडली, तर तो निर्णय आदरास पात्र आहे. मात्र मज्जाविकारतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ व भूलतज्ज्ञ या तिघांनाही आजाराची पूर्ण माहिती असावी. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असल्यास संसर्गाचा धोका वाढतो. तरीही ती परस्पर बंद करू नयेत. ताप व उष्णतेने मज्जातंतूंची लक्षणे तात्पुरती बळावतात, म्हणून ज्वर त्वरित आवरावा लागतो. शस्त्रक्रियेनंतर व्यायामोपचार लवकर सुरू होणेही अगत्याचे आहे.

गर्भाशयाबरोबर बीजांडेही काढणार काय, हे स्पष्ट विचारून घ्यावे. पाळी नैसर्गिकरीत्या जाण्यापूर्वी ती काढल्यास हाडे ठिसूळ होतात व हृदयविकाराचा धोका वाढतो. चालणे कमी झालेल्या आणि स्टेरॉइड घेतलेल्या स्त्रीची हाडे आधीच दुबळी झालेली असू शकतात.

संमती कोणाची?

१९९४ मध्ये शिरूर येथील शासकीय संस्थेतील बौद्धिक दिव्यांग स्त्रियांची गर्भाशये पुण्यात काढण्यात आली, तेव्हा देशभर तीव्र विरोध झाला आणि पुढील शस्त्रक्रिया थांबविण्यात आल्या. पाळीची देखभाल ही व्यवस्थेची अडचण होती. किंमत मात्र त्या स्त्रियांच्या शरीराने मोजली. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत मल्टिपल स्क्लेरोसिसचा समावेश केला आहे. मूल होण्याची क्षमता नष्ट करणारा कोणताही उपचार दिव्यांग व्यक्तीवर तिच्या मुक्त व माहितीपूर्ण संमतीवाचून करता येणार नाही, असेही त्यात स्पष्ट म्हटले आहे. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती तीन महिन्यांत अमलात आणण्याचे आदेश राज्यांना दिले. त्यांत जिल्हा पातळीवरील देखरेख समित्यांचीही तरतूद आहे.

कायदा गावापर्यंत पोहोचविण्याचे काम मात्र गावातील जाणत्यांचे आहे. टोळी निघण्यापूर्वी आरोग्य तपासणीचा दिवस ठरविणे, दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जाण्याची सोय करणे, दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी मदत करणे ही कामे ग्रामपंचायतीच्या आवाक्यातील आहेत. शिक्षकांनी मुलींना पाळीविषयी निःसंकोच माहिती द्यावी. आशाताईंनी दुखण्याची नोंद ठेवण्यास शिकवावे. नवरा, सासू, मुकादम व डॉक्टर या सर्वांचे म्हणणे ऐकूनही अखेरचा शब्द त्या स्त्रीचाच असावा. तो तिला समजून-उमजून उच्चारता यावा, एवढी माहिती आणि एवढी उसंत तिला मिळवून देणे हेच आपणा सर्वांचे कर्तव्य होय.