जुने रेडिओ : घेणे, देणे आणि दुरुस्त करणे



खांडबाऱ्याला माझ्याकडे नवा पाहुणा आला की ओसरीवरच विचारतो, "गुरुजी, दुकान टाकलं की काय?" फडताळात सात जुने रेडिओ आहेत. मर्फी, फिलिप्स, बुश, नॅशनल एको, सगळे व्हॉल्व्हचे. दुकान नाही, नाद आहे. पण नादातही घेणे-देणे येते, आणि पैसा आला म्हणजे खरे-खोटे आलेच.

असे सेट मुंबईच्या चोरबाजारात मिळतात, सुटे भाग लॅमिंग्टन रोडवर. एक मर्फी, ठाण्याच्या कारखान्यातला, मी सुरतेपर्यंत आणि तिथून भुसावळच्या गाडीने मांडीवर घेऊन आणला. दहा किलोंचे ते बाळ! पण चांगले सेट आपल्या गावांतच, माळ्यावर धूळ खात पडलेले असतात.

घेताना पेटीची चकाकी पाहू नका, ती पॉलिशने येते. मागचा पुठ्ठा काढा. व्हॉल्व्ह जागेवर आहेत का, ट्रान्सफॉर्मरला जळका वास येतो का, ते पाहा. डायलची काच शाबूत हवी. व्हॉल्व्ह एक वेळ मिळेल, त्या सेटची काच मिळणार नाही. आणि विकणारा म्हणाला, "थांबा, लावूनच दाखवतो," तर त्याचा हात धरा. वर्षानुवर्षे पडलेल्या सेटमधले कंडेन्सर खराब झालेले असतात. एकदम वीज दिली तर ट्रान्सफॉर्मर जळायचा. जाणकार माणूस आधी शंभर वॅटचा जुन्या पद्धतीचा, तारेचा बल्ब सेटबरोबर एकाच वाटेत जोडतो. बल्ब भक्क पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे. क्षणभर उजळून मंदावला तर पुढचे पाऊल टाकावे.

शिक्षक बंधुभगिनींना इथे एक विनवणी आहे. चालू सेट उघडून मुलांना दाखवू नका. आत अडीचशे व्होल्टच्या आसपास दाब असतो, आणि प्लग काढल्यावरही तो कंडेन्सरमध्ये काही काळ राहतो. काही सेटना तर ट्रान्सफॉर्मरच नसतो. विजेची एक तार थेट लोखंडी चासीला जोडलेली. अशा सेटच्या खटक्याचा उघडा स्क्रू मला एकदा लागला. दंड संध्याकाळपर्यंत झिणझिणत होता, आणि घरात दोन दिवस बोलणी खाल्ली ती वेगळीच. वर्गात सुटा व्हॉल्व्ह मुलांच्या हाती द्या, तेवढे पुरे.

आता फेरफाराविषयी. हल्ली कित्येकजण आतले सारे उपसून पेटीत ब्लूटूथचा संच बसवतात. मीही एका बुशचे असे केले होते. गाणी वाजतात, पण डायलचा काटा नुसता फिरतो. काढलेले भाग भंगारात गेले, ते परत कुठून आणू? म्हणून आता मी परत फिरवता येईल तेवढाच बदल करतो.

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या पाड्यावरचे एक दादा वडिलांचा सेट घेऊन आले. ड्राय बॅटरीवर चालणारा. वीज नव्हती तेव्हा गावोगावी असेच सेट असत. पुणे केंद्राने 1956 साली युनेस्कोच्या मदतीने सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे चालवली, ती अशाच काळात. या सेटला दोन वीजदाब लागतात, व्हॉल्व्हच्या तारेला दीड व्होल्ट आणि वर नव्वद. नव्वदची ती मोठी बॅटरी आता बाजारात दिसत नाही. मी नऊ व्होल्टच्या दहा बॅटऱ्या एकामागे एक जोडल्या. तीन कंडेन्सर बदलले, नवा डाख दिला. रात्री मिडियम वेव्हवर खरखरीतून माणसाचा आवाज आला. दादा म्हणाले, "बाप याच्यासमोर टोपी काढून बसायचा."

मला वाटले, आता विकणार नाहीत. पण मुलीची कॉलेजची फी भरायची होती. नाशिकच्या एका हॉटेलवाल्याला शोभेसाठी फक्त पेटी हवी होती, तो जास्त देत होता. दुसरा गिऱ्हाईक सुरतेचा, नादिष्ट. त्याला चालता सेट हवा, पण तो कमी देई. दोघांची घासाघीस चार दिवस चालली. शेवटी सुरतवाल्याने थोडे वाढवले. मी एका कागदावर लिहिले : तीन कंडेन्सर नवे, एक व्हॉल्व्ह दुसऱ्या सेटमधला, स्पीकरचा कागद चिकटवलेला. दादा म्हणाले, "गुरुजी, चिकटवल्याचं कशाला लिहिता? भाव पडेल."

पडला थोडा. जुने कंडेन्सर कागदात गुंडाळून मी पेटीतच ठेवले, आणि तो सेट सुरतेच्या गाडीने गेला.