शस्त्राचा हक्क कोणाला?

1878 च्या शस्त्र कायद्याने हिंदी जनतेला निःशस्त्र केले. युरोपियनांना मात्र सूट होती. म्हणूनच 1931 च्या कराची ठरावात, नियमांच्या मर्यादेत शस्त्र बाळगण्याचा हक्क नोंदला गेला. डिसेंबर 1948 मध्ये घटना समितीत हरि विष्णु कामथ यांनी तो मूलभूत हक्कांत घालण्याची दुरुस्ती मांडली. कामथ पुढे प्रजासमाजवादी पक्षाचे खासदार झाले. त्यांच्या हेतूविषयी शंका नको. पण सरसकट हक्क दिल्यास गुन्हेगारही तो मागतील, हा डॉ. आंबेडकरांचा आक्षेप अधिक वास्तव होता.

12 सप्टेंबर 1992 रोजी जे. जे. रुग्णालयात टोळीच्या एके-47 पुढे पहाऱ्यावरचे दोन पोलीस बळी पडले. 1993 च्या प्रकरणात अभिनेता संजय दत्त याच्याकडे एके-56 होती. कारण सांगितले गेले कुटुंबरक्षणाचे! सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये त्याला पाच वर्षांची शिक्षा दिली. अमेरिकेत तर अशा रायफलींच्या अर्धस्वयंचलित आवृत्त्या दुकानात मिळतात. तेथे 2012 मध्ये सँडी हुकच्या शाळेत 20 मुले मारली गेली, ती मारेकऱ्याच्या आईने कायदेशीरपणे विकत घेतलेल्या रायफलीने.

स्वयंचलित शस्त्रावरील आपल्याकडील बंदी सैल झाली, तर सातिवलीच्या गाळ्यांत राबणाऱ्या कामगाराला रायफल परवडणार नाही. ती ठेकेदाराला परवडेल, जमिनीच्या दलालाला परवडेल. थकलेली मजुरी मागायला कामगार जाणार आहे तो त्यांच्याच दारात.