गावाची खोली

माणसाला माणूस लागतो, हे आपण सगळेच म्हणतो. पण कशासाठी लागतो? मला वाटतं, या प्रश्नाचं उत्तर मुंबईच्या गिरणगावात फार रोखठोक मिळालं होतं. परळ, लालबाग, काळाचौकी, डिलाईल रोड इथल्या चाळींमध्ये ‘गावाची खोली’ नावाची एक व्यवस्था होती. भाड्याची पावती कुणाच्याही नावावर असो, खोली गावाची. साताऱ्याकडचा, कोल्हापूरकडचा किंवा कोकणातला पोरगा गिरणीत चिकटायला आला की ट्रंक आणि वळकटी घेऊन थेट तिथे उतरायचा. ओळख विचारायची ती एवढीच, ‘तू कुणाचा रे?’

एका खोलीत वीस-पंचवीस माणसं. हे जमायचं ते पाळ्यांमुळे. रातपाळीवाला आला की दिवसपाळीवाल्याने रिकामी केलेल्या जागेवर आडवा व्हायचा. उरलेले गॅलरीत, जिन्यात, उन्हाळ्यात फुटपाथवर. कोण कधी उठतो, कुणाचा खोकला वाढलाय, कुणाच्या घरून पत्र नाही, हे न विचारता सगळ्यांना ठाऊक. ज्याला वाचता येई तो सगळ्यांची पत्रं वाचून दाखवी, त्यामुळे गुपित असं कुणाचं उरत नसे. (आजच्या माणसाला या एका गोष्टीनेच घाम फुटेल.) गावाकडे कुणी गेल्याची तार आली, तर एसटीच्या भाड्याचे पैसे तासाभरात उभे राहत. आठवड्याचं भजन असे, आणि पखवाज कुणी वाजवायचा यावरून भांडणही असे.

जेवण खानावळीत. खानावळ म्हणजे त्याच चाळीतल्या एखाद्या बाईचं घर. महिन्याचे पैसे पगार झाल्यावर द्यायचे. तोवर वाण्याची उधारी तिच्या डोक्यावर, आणि सावकाराचं व्याजही. या बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि बँकेच्या कर्जाची वाट मोकळी केली. पुरुषांच्या त्या गजबजलेल्या सोबतीचा भार कुणाच्या चुलीवर होता, हे तेव्हा कुठे चारचौघांत बोललं जाऊ लागलं.

या खोल्यांचे गोडवे गाताना मी जरा थांबतो. गावाबरोबर गावची जातही मुंबईला आली होती. गिरणीत विणाई खात्यात पगार बरा, पण तिथे दलित कामगाराला घेत नसत. धोट्यातून सूत तोंडाने ओढावं लागे, आणि इतरांना विटाळ होई. १९२८च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला होता. तेव्हा ‘आपली माणसं’ म्हणताना आपण दार कुणाला लावतो, तेही बघावं लागतं.

तरीही त्या खोल्यांमधली माणसं म्हातारपणी त्या दिवसांबद्दल बोलताना खुलतात. हाल विसरले म्हणून नव्हे. तिथे प्रत्येकाचं दुसऱ्यावाचून अडत होतं. आपण आज मैत्री शोधतो ती कुणाला त्रास न देणारी, कुणाची अडचण नको अशी. मग ती टिकत नाही म्हणून हळहळतो. ज्याच्यावाचून आपलं काहीच अडत नाही, त्याची आठवण तरी कशाला यावी?

१८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यातल्या अनेकांना गिरणीत परत पाऊल टाकता आलं नाही. कितीतरी जण गावी गेले. तिथून धान्य मुंबईच्या खोल्यांवर येऊ लागलं. वर्षानुवर्षं मनिऑर्डरी ज्या वाटेने गेल्या, त्याच वाटेने आता तांदळाची पोती उलटी येत होती.

गिरण्यांच्या जागी आता टॉवर आहेत. गावाच्या काही खोल्या मात्र अजून आहेत. ग्रामस्थ मंडळं भाडं भरतात, आणि गावाकडून कुणी टाटाला किंवा केईएमला पेशंट घेऊन आलं, मुलाखतीला पोरगा आला, तर तिथे उतरतो. त्यालाही दारात तोच प्रश्न विचारतात, ‘तू कुणाचा रे?’